बावीस सेकंदांचा खोकला

परवा रेवदंड्याच्या बाजारात वालाच्या शेंगा दिसल्या. पाटी घेऊन बसलेल्या बाईंनी एक शेंग मोडून दाखवली आणि म्हणाल्या, "बघ गो, दाना भरलाय आता." मी दोन किलो घेतल्या. त्यांच्याकडेच भांबुर्डीचा पाला होता, तोही जुडी भरून घेतला. स्कूटरवरून घरी येईपर्यंत त्या पाल्याचा उग्र, ओव्याच्या जवळचा वास माझ्या ओढणीला लागला होता. आईने दारातच ओळखलं. म्हणाली, "पोपटी लावायची वाटतं."

रायगडाबाहेरच्या माणसाला पोपटी म्हटलं की तो आधी पोपटाकडे बघतो. माझ्या पुण्याच्या एका मैत्रिणीने तर, "अगं, तुम्ही पोपट खाता?" असं खरोखर विचारलं होतं. तर पोपटी म्हणजे मातीचं मडकं. त्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मीठ आणि ओवा. हौस असेल तर केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र आवाज आला की झाली पोपटी. भात कापून झालेलं असतं, शेतं मोकळी असतात, सहा वाजताच अंधारायला लागतं आणि अंगात पातळ स्वेटर असतो. याहून जास्त थंडी आमच्याकडे पडत नाही, पण आम्ही तेवढ्याचंही कौतुक करतो.

मला मात्र हा वास आला की तीनेक वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी एका म्हाताऱ्या माणसाचं गाणं बंद पाडलं होतं.

मी वेबसाइट बनवते. चौलच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये आमचं घर आहे, त्याच्या माडीवरच्या खिडकीशी माझं टेबल. आधी बेलापूरला ऑफिसात बसायचे. मग ऑफिसनेच घरून काम करा म्हणून सांगितलं आणि मी बॅग भरून आले ती आलेच. कधी परदेशातल्या एखाद्या दातांच्या डॉक्टरचं पान करते, कधी इथल्याच होमस्टेवाल्यांचं. होमस्टेवाल्या प्रत्येकाला वाटतं की सूर्यास्त फक्त त्याच्याच अंगणातून दिसतो. पानावर काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही, हे ठरवण्यात माझं निम्मं आयुष्य जातं. मला मोकळी जागा आवडते. दोन चौकोनांमधलं अंतर एका बाजूला जरा जास्त झालं तर मला जेवण जात नाही. आई म्हणते, ही पोरगी भाकरी वाढली तरी ताटाच्या मधोमध आहे का बघते. खोटं नाही ते.

माझे बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्या शेजारी चंद्राच्या कलांचा जुना तक्ता, शाळेने टाकून दिलेला. बाबांना दोन गोष्टींचं वेड. एक आकाश, दुसरं संगीत. आकाशाने त्यांना कधी नाराज केलं नाही. संगीताने मात्र फार छळलं, कारण त्यांच्या गळ्यात सूर नावालाही नाही. प्रार्थनेच्या वेळी मुलं हसतात म्हणून ते नुसते ओठ हलवायचे.

आणि युसूफचाचा. बाबांचे मित्र, गावाचे साउंडवाले. त्यांच्याकडे दोन भोंगे, एक मशीन आणि रुमालात गुंडाळून ठेवलेला एक माइक होता. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर, पण गावात सगळे मशीनच म्हणायचे. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, आमची एप्रिलमधली जयंती असो, भोंगे तेच. आज मांडवाच्या खांबाला, उद्या पिंपळाला, परवा शाळेच्या कौलांवर. चाचांचं सुरुवातीचं वाक्यही तेच असायचं : "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक दोन तीन." माझ्या लहानपणी मला वाटायचं की कुठलंही मंगल कार्य या मंत्राशिवाय सुरू करताच येत नाही.

बाबांची आणि त्यांची दोस्ती त्या मशीनमुळेच झाली. मारुतीच्या देवळात बुवांचं भजन असायचं. बुवा म्हणजे वरच्या आळीतले माळी, वाडी करणारे, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. भजन देवळात आणि मशीनचं टेबल बाहेर, पिंपळाच्या ओट्यावर. चाचा टेबलाशी बसायचे. बाबाही तिथेच बसायचे. माझ्या आजोबांना त्या देवळाच्या पायरीला पाय लावू दिला नव्हता. पुढे दिवस बदलले, ‘या गुरुजी, आत या’ म्हणायला लागले, पण बाबा म्हणायचे, मला इथूनच चांगलं ऐकू येतं. एक जण आत जाण्यातला नव्हता आणि दुसऱ्याला आता जायचं नव्हतं. त्या ओट्यावर वर्षानुवर्षं बसून दोघांना अख्खं भजन पाठ झालं. फरक एवढाच की चाचांना ते गाता यायचं.

एकदा कुठलंसं यान उडणार होतं. मी तेव्हा चौथीत असेन. बाबांनी चाचांना गाठलं, शाळेच्या कौलांवर भोंगे चढवले आणि रेडिओ माइकसमोर ठेवला. सगळं गाव मैदानात. रेडिओवरचा माणूस आकडे उलटे मोजायला लागला, बाबा मोठ्याने मराठीत सांगायला लागले, आणि ऐन दोनवर लाइट गेली. मैदानभर शांतता. मग चाचांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नुसत्या गळ्याने ओरडले, "एक... गेलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी खिशातला नारळ काढून मैदानाच्या दगडावर फोडला. नारळ खिशात का ठेवला होता, कुणास ठाऊक. त्या दिवशी मला विज्ञान म्हणजे खोबऱ्याचा वास असलेली काहीतरी गोष्ट वाटली, आणि अजूनही थोडी तशीच वाटते.

मी गावी परत आले तेव्हा बुवा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि चाचांचे भोंगे माळ्यावर गेले होते. डीजेवाले आले, मग भोंगे कोण सांगणार? पण दर हिवाळ्यात पोपटी लागायची, आमच्या मागच्या शेतात, आणि चाचा यायचे. दोन मडकी असायची. एक साधं, कारण मार्गशीर्षात वरच्या आळीतल्या बायका मांस-मच्छी खात नाहीत. दुसरं कोंबडीचं. कोंबडी नेहमी चाचाच आणायचे. तीस वर्षांत ती दुसऱ्या कुणी आणली नाही. त्यांनी आणली तरच त्यांना खाता येते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण तसं कधी कुणी म्हटलं नाही. पोपटीच्या दिवशी आई फक्त विचारायची, "युसूफभाईंना सांगितलं ना?" त्यात सगळं आलं.

मडकी जळत असताना बाबा आकाश दाखवायचे. संध्याकाळी कधीकधी अंतराळस्थानक डोक्यावरून जातं. एक ठळक ठिपका, न लुकलुकता, पश्चिमेकडून चढतो आणि चार-पाच मिनिटांत सावलीत विरून जातो. बाबा वहीत वेळा लिहून ठेवतात. चाचांचे प्रश्न ठरलेले. "गुरुजी, वरती ते लोक नमाज कुठल्या बाजूला पढत असतील?" बाबा म्हणायचे, "ज्याला जी सापडेल ती." "आणि रोजा कधी सोडनार? तुम्ही म्हंता, दिवसाला सोळा वेळा सूर्य मावळतो." "मग सोळा वेळा सोडतील." चाचा हसून हसून खोकायचे. म्हणायचे, "ही नोकरी चांगली हाय."

तर अशा गावाची वेबसाइट मी बनवायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, माझीच हौस. वर मेन्यूत गावाचा इतिहास, शाळा, वाड्या आणि ‘सण-उत्सव’. ‘सण-उत्सव’वर बोट नेलं की खाली तीन कप्पे उघडायचे. कुठला समाज आधी, यावरून कुरबुर नको म्हणून मी ते बाराखडीच्या क्रमाने लावले आणि स्वतःवर खूश झाले. पानाच्या तळाशी तीन चिन्हं, तिन्ही तंतोतंत एका मापाची. शाळेत धर्मनिरपेक्षतेवर निबंध लिहून मी बक्षीस मिळवलं होतं. तो निबंधच आता पडद्यावर मांडत होते म्हणा ना.

मी हे करतेय कळल्यावर चाचांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणून दिला. आत कॅसेटी. कार्यक्रम चालू असताना मशीनला टेपरेकॉर्डर जोडून ठेवायची त्यांची सवय होती. एका कॅसेटीवर अर्धी बाजू जयंतीची गाणी, पुढे लग्नातला बॅन्ड, पुढे पैगंबरांच्या स्तुतीचं मौलूद, मग भजन. जिथे टेप उरली तिथे पुढचं भरलेलं. कव्हरवर काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, चाचा, नावं तरी घालायचीत. ते म्हणाले, "कशाला? लावली की कळतं."

कार्तिक महिना मी त्या कॅसेटींत घालवला. सगळं संगणकावर उतरवलं, गाणं न् गाणं वेगळं केलं, कप्प्यांत टाकलं. गाण्यांच्या मधली खरखर, खुर्च्या सरकवणं, माइक ठोकणं, माणसांची बडबड, सगळं कापलं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. गाणं उंच आणि सलग, बाकीचं तुटक. तुटक दिसलं की कापायचं, ऐकायचीही गरज नाही. आणि असं कापता कापता मला एक अभंग सापडला. बुवांच्या भजनातला, मागे त्यांचेच टाळकरी, पण आवाज बुवांचा नव्हता. युसूफचाचांचा होता. काय आवाज! खालच्या पट्टीतला, जरासा खरबरीत, कुठेही घाई नाही. मी खिडकीत बसून तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा रडले.

मग मी शहाणपणा केला. पानावर सगळ्यात वर तो अभंग लावला आणि खाली दोन ओळी लिहिल्या : ‘मुस्लिम गायकाच्या आवाजात अभंग. आमच्या गावाच्या धार्मिक एकोप्याचं जिवंत उदाहरण.’ एकोपा या शब्दाखाली रंगही दिला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दोन दिवसांत तो दुवा कुठल्या कुठे फिरला. खाली माणसं लिहायला लागली. काहींनी झेंडे, जोडलेले हात, हृदयं टाकली. काहींनी विचारलं, याला देवळात घेतलाच कसा. काहींनी उलट बाजूने विचारलं, हा गेलाच कसा. जे मायेने लिहीत होते तेही गाण्याबद्दल काही बोलत नव्हते. मी एकेक वाईट प्रतिक्रिया पुसत बसले. एक पुसली की दोन यायच्या. मग कुठल्याशा इंटरनेटवरच्या बातमीवाल्यांची दोन पोरं मोटरसायकलवरून चाचांच्या दारात आली. त्यांना चाचा देवळासमोर, हातात टाळ घेऊन उभे हवे होते. आणि डोक्यावर टोपी. चाचा टोपी शुक्रवारी आणि ईदला घालतात. ते म्हणाले, आज मंगळवार आहे. पोरं म्हणाली, चाचा, टोपी नसेल तर कळणार कसं?

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी संध्याकाळी चाचा आमच्याकडे आले आणि बसले नाहीत. आईने पाणी आणलं, ते हातात धरून उभेच राहिले.

"सुजाता, ते काढून टाक बेटी. सौदीवरनं पोराचा फोन व्हता, तो घाबरलाय."

"काढते चाचा, आत्ता काढते," मी म्हटलं. "पण मी तर तुमचं कौतुकच..."

"ठाऊक हाय मला." ते पाण्याच्या भांड्याकडे बघत होते. "पन मी त्या दिवशी मुसलमान म्हनून न्हाय गायलो गो. बुवांचा घसा बसला व्हता, म्हनून गायलो."

भांडं पायरीवर ठेवून ते गेले. पाणी तसंच होतं.

मी पान काढलं. पण काढलेलं पान आणि कधी न लिहिलेलं पान एक नसतं. मार्गशीर्षात पहिली पोपटी लागली, चाचा आले नाहीत. निरोप पाठवला, गुडघा दुखतोय. पौषात दुसरी लागली, तेव्हा निरोपही नाही. वरच्या आळीत बुवांच्या पुण्यतिथीला भजन होतं. दरवर्षी शेवटचा अभंग ओट्यावरून चाचा म्हणायचे, त्या वर्षी शेवटचा अभंग झालाच नाही. आणि आमच्याकडे दुसरं मडकं लागलं नाही. आई म्हणाली, बाजारातून आणू का कोंबडी? बाबा म्हणाले, "नको." साधं मडकं खाऊन आम्ही शेंगांची सालं टाकत राहिलो.

त्या संध्याकाळी ठिपका वरून गेला. बाबांनी मान वर केली, हात उंचावला आणि सवयीने उजव्या बाजूला वळून म्हणाले, "आलं बघा." उजव्या बाजूला कुणी नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला आणि राखेत काटकी फिरवत बसले. माझे बाबा मला तेव्हा एकदम म्हातारे दिसले. चाळीस वर्षांची त्यांची दोस्ती माझ्या दोन ओळींनी तुटली होती, आणि एका माणसाने गाणं सोडलं होतं. माझ्या कुठल्याही हत्याराने ते जोडता येत नव्हतं.

मी पुष्कळ विचार केला त्या दिवसांत. आमचं गाव काही स्वर्ग नव्हे. इथे भांडणं होतात, जुने अपमान विसरले जात नाहीत, माझे आजोबा ती पायरी विसरले नाहीत. पण त्यातूनच लोकांनी एकमेकांची अडचण न बोलता सांभाळायची एक रीत केली होती. कोंबडी कोण आणणार, मशीन कुठे ठेवायचं, गुरुवारी काय शिजवायचं नाही. ते कुणी लिहिलेलं नव्हतं, त्याला कप्पे नव्हते. मी ते उचललं, चौकोनात बसवलं आणि वर पाटी लावली. माणूस गेला आणि पाटी राहिली. माझ्या सारख्या मापाच्या तीन चिन्हांकडे मला बघवेना. ती मी काढून टाकली, ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माघ लागला. भांबुर्डी सुकायला आली होती. आणखी आठ दिवसांनी पाला मिळाला नसता. एका सकाळी काम करता करता चाचांचं ते वाक्य पुन्हा मनात आलं. बुवांचा घसा बसला होता. मग ते टेपवर का नाही? मी मूळ फाइल उघडली, न कापलेली. अभंगाच्या आधी मी बावीस सेकंद कापले होते, तुटक रेघांचे. ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

आधी खोकला. कुणीतरी पोटापासून खोकतंय. मग बुवांचा आवाज, पार बसलेला, फाटक्या पिपाणीतून आल्यासारखा : "न्हाय रं, घसा पार गेला. युसूफ, तू घे."

"मी? मंग मशीन कोन बघंल?"

"गुरुजी बघतील."

लांबून बाबा, चक्क तरुण आवाजात : "बघतो."

"घे की लवकर," पुन्हा बुवा, खोकत, "न्हायतर गुरुजींच्या हातात माइक देतो. समदं देऊळ उठून जाईल."

देवळातलं हसू. वायर ओढल्याची खरखर. माइक आतून ओट्यापर्यंत येत होता. आणि मग चाचांचा अभंग.

मी फोनवर ती फाइल घेतली आणि तशीच चाचांच्या घरी गेले. ते ओसरीवर सुरण सोलत बसले होते. मी म्हटलं, "चाचा, मी तुमची माफी मागायला आलेय. पण आधी हे ऐका." आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

खोकला सुरू झाला तसे त्यांचे हात थांबले. बुवा गेल्यावर त्यांनी बुवांचा आवाज ऐकलाच नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बावीस सेकंद संपले. अभंग सुरू झाल्यावर त्यांनी फोन बाजूला सारला. स्वतःचं गाणं त्यांना नको होतं. "परत लाव ते पयलं," ते म्हणाले. मी लावलं. पुन्हा लावलं. चौथ्या वेळेला ते रडता रडता हसत होते, सुरणाचे हात डोळ्यांना लागू नयेत म्हणून मनगटाने डोळे पुसत होते.

"मी हे कापलं होतं चाचा," मी म्हटलं. "मला तो कचरा वाटला."

"तू लहान हायस," ते म्हणाले. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "उद्या मडकं लावताय काय?"

उद्या लावायचं काही ठरलं नव्हतं. मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता चाचा बांधावरून येताना दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. आईने घरात जाऊन दुसरं मडकं आणलं. बाबांनी डब्याकडे बघितलं आणि मग उगाचच पेंढा इकडचा तिकडे केला. आपली माणसं रुसवा काढतात तीही अशी, हवेबद्दल बोलून. "यंदा थंडी न्हाय," चाचा म्हणाले. "नाहीच," बाबा म्हणाले.

दोन्ही मडकी पेटली. जाळ उंच गेला आणि बसला. मी म्हटलं, चाचा, म्हणा ना काहीतरी. त्यांनी मान हलवली. "न्हाय गो. गेलं ते आता."

आणि मग माझ्या बाबांनी, ज्यांनी आयुष्यभर प्रार्थनेला नुसते ओठ हलवले त्या माणसाने, घसा खाकरला आणि तोच अभंग सुरू केला. मोठ्याने. सुरांना कुठेही न शिवता. पहिल्या ओळीला आईने पदर तोंडाला लावला. दुसऱ्या ओळीला बांधावरचं कुत्रं उठून निघून गेलं. बाबा थांबले नाहीत. मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि डोळे घट्ट मिटलेले.

चाचांनी आधी जमिनीकडे बघितलं. मग काठी आपटली. "गुरुजी! अहो, बुवा वरनं खाली येतील!" बाबा तरी थांबेनात. तेव्हा तिसऱ्या ओळीला चाचांनी ते गाणं त्यांच्या हातातून काढून घेतलं, तापलेलं भांडं पोराच्या हातातून काढून घ्यावं तसं, आणि पुढे नेलं. आवाज आता थकला होता, मध्येच दम लागत होता. बाबा लगेच गप्प झाले आणि मांडीवर ठेका धरून बसले. वरून ठिपका गेला का, ते त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

खाऊन झाल्यावर, हात धुताना चाचा मला म्हणाले, "ते परत टाकायचं तर टाक. पन लिवायचंच असंल तर खरं लिव."

मी पान परत लावलं. सण-उत्सवाचे तीन कप्पे काढून टाकले. आता गाणी ज्या क्रमाने कॅसेटीवर होती त्याच क्रमाने आहेत, मधल्या खरखरीसकट. माझ्या धंद्यातला कुणी ते पान पाहील तर म्हणेल, हिला शिकवलं कुणी? अभंगाच्या आधी बावीस सेकंद खोकला आहे. खाली एकच ओळ : ‘बुवांचा घसा बसला होता, म्हणून युसूफ गायला.’

यंदाही चाचांना सांगितलंय. शेंगा निवडून झाल्या, पाला पाण्यात बुडवून ठेवलाय, बाबांनी वही काढलीय. मघाशी सहज ते पान उघडून पाहिलं. त्या ओळीवर आता फारसं कुणी येत नाही. या तीन वर्षांत खाली एकच प्रतिक्रिया आलीय, कुठल्याशा अनोळखी माणसाची. त्याने विचारलंय, ‘मग बुवांचा घसा बरा झाला का?’

मी उत्तर दिलं : ‘झाला. पुढच्याच एकादशीला ते स्वतः गायले.’